किनाऱ्यावरची व्यक्ती

बंदराच्या कचेरीत चष्मेवाल्यांनी फॉर्म काचेखालच्या फटीतून आत सरकवला, आणि खिडकीवरच्या बाईंनी तो वाचून तसाच परत बाहेर सरकवला.

"बारावा रकाना रिकामा आहे."

"तेवढा असू द्या."

"असू द्या कसं? बाकी सगळं मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलंयत. होडीची लांबी, शिडांचा रंग, पाणी किती, औषधं कुठली, सुटी चड्डी किती तेवढं फक्त राहिलंय. आणि नेमका हाच कोरा?"

मागे रांगेत उभं असलेलं कुणीतरी हसलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या नाकावर चष्मे बसवले होते. दुकान सोडून तीन वर्षं झाली, तरी बंदरावर त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. त्यांची छोटी शिडाची होडी धक्क्याच्या टोकाला बांधलेली असे, आणि तिच्यातून ते आता दीड महिन्याच्या सफरीला एकटे निघाले होते. आधी आठ दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने, मग अकरा दिवस उघड्या समुद्रातून तीन बेटांपर्यंत, आणि तसंच परत. सगळी तयारी झाली होती. अडलं होतं ते एका रकान्यापाशी.

"किनाऱ्यावरची व्यक्ती," बाईंनी बोट ठेवून वाचलं. "म्हणजे तुम्ही ठरल्या वेळी पोचला नाहीत तर बोंब मारणारं माणूस."

"नाही मारली कुणी बोंब तरी चालेल मला."

"मला नाही चालत," बाई फटकन म्हणाल्या. "आणि नीट ऐकून घ्या. या खाली तेरावा रकाना. किती तास उशीर झाला की शोधायला निघायचं, ते. तुम्ही चोवीस लिहिलेत, ठीक आहे. पण त्याच्या आत कुणी कितीही फोन केले तरी आमची बोट जागची हलत नाही. फार खोटे फोन येतात हो. हलते ती फक्त या बाराव्यातल्या माणसाच्या शब्दावर. म्हणून म्हणते, विचार करून नाव द्या. यापूर्वी कुणाचं देत होता?"

"बायकोचं."

"मग?"

"ती नाही आता."

बाईंचा हात फॉर्मवर थांबला. "अरेरे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग जरा वेळाने, "घरात दुसरं असेलच की कुणीतरी."

चष्मेवाल्यांनी फॉर्मची घडी केली. हे वाक्य त्यांना लागलं. बाई चांगल्या मनाने बोलल्या होत्या, तरी लागलं. म्हणजे बघा, जगात तुमचं कोण आहे हे तुम्हाला एका सरकारी कागदाने विचारावं, आणि उत्तर देताना तुमची जीभ टाळ्याला चिकटावी.

ते आधी भागीदाराकडे गेले. दुकानातला हा त्यांचा जुना भागीदार. दुकान साडेनऊला उघडायचं आणि हा गृहस्थ पावणेदहाला उगवायचा, चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही, म्हणून त्याचं नावच पावणेदहा पडलं होतं. पावणेदहाने सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"दे माझं नाव! त्यात काय एवढं."

"फोन लागेल तिथून रोज संध्याकाळी मी फोन करणार. नाही आला तर तुला लक्षात यायला हवं."

"येईल की."

"काल माझा फोन आला होता, लक्षात आहे?"

पावणेदहा विचारात पडला. "काल आला होता?"

"नव्हता आला."

दोघंही हसले. मग पावणेदहा हसायचा थांबला. "हे बघ, तुझा फोन नाही आला तर मी म्हणेन, झोपला असेल. दुसऱ्या दिवशी म्हणेन, रुसला असेल. माझ्या भरवशावर समुद्रात जाऊ नकोस, बाबा. पोरीला विचार."

"तिला कामं असतात."

"पोरीला विचार," पावणेदहा परत म्हणाला, आणि चहा ठेवायला आत गेला. चहा होईपर्यंत चष्मेवाले थांबले नाहीत.

पोरीला विचारायचं म्हणजे काय, हे पावणेदहाला ठाऊक होतं, पण अर्धंच. आई गेल्यापासून मुलगी महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करायची. तब्येत बरी ना? बरी. गोळ्या घेता ना? घेतो. बरं, ठेवते. भांडण नाही, तंडण नाही. भांडली असती तर परवडलं असतं, असं चष्मेवाल्यांना वाटे. आई गेली त्या दिवशी बाप समुद्रात होता आणि आई गेल्यावर पोचला, एवढी गोष्ट दोघांच्या मध्ये दीड वर्षं पडून होती. तिला हात लावायची दोघांचीही छाती होत नव्हती.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला रोपवाटिका चालवायची. चष्मेवाले पोचले तेव्हा ती छपराखाली उभी राहून ट्रेमधली कोवळी रोपं एका काडीने उचलून पिशव्यांत लावत होती. बापाला पाहून तिने काडी खाली ठेवली.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही झालं. एका सहीला आलोय."

"बसा," ती म्हणाली आणि पायाने एक पालथा खोका पुढे सरकवला.

ते बसले. नुसतं बसवेना म्हणून शेजारच्या ढिगातली माती पिशव्यांत भरायला लागले. तिने त्यांनी भरलेली पहिली पिशवी उचलली, ठोकून अर्धी माती काढून टाकली आणि रोप लावलं. दुसरीलाही तेच केलं. तिसऱ्या पिशवीपासून ते कमी भरायला लागले. असं थोडा वेळ काम चाललं. मग त्यांनी सफरीचं सांगितलं. बेटांचं सांगताना म्हणाले, "तुझ्या आईचा फार जीव होता त्या बेटांवर." तिने पुढचं रोप उचललं. त्यांनी फॉर्म काढून दिला.

मातीचे डाग पडू नयेत म्हणून तिने तो दोन बोटांच्या टोकांत धरला आणि वरपासून वाचला. वाचता वाचता एका जागी थांबली.

"चोवीस," ती म्हणाली.

"ते आपलं नेहमीचं. उगाच कुणाची धावपळ नको म्हणून."

तिने फॉर्म टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून वर एक कुंडी ठेवली.

"त्या दिवशीही चोवीसच होते."

चष्मेवाल्यांचा हात मातीतच राहिला.

"आईला दवाखान्यात आत नेलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते," ती म्हणाली. रोपं लावायचं तिने थांबवलं नाही. बोलत होती ती रोपांकडे बघूनच. "तुमचा फोन बंद. मग बंदरावर केला. म्हटलं, बाबा दहाला यायचेत, आले की तसेच दवाखान्यात पाठवा. अकरा वाजले. बारा वाजले. परत केला. म्हटलं, बोट काढा, शोधा त्यांना. तिथला माणूस म्हणाला, कागदावर चोवीस तास आहेत. त्याआधी काढायची तर किनाऱ्यावरच्या व्यक्तीने सांगायला हवं. मी म्हटलं, कोण आहे ही व्यक्ती, मी आत्ता जाऊन तिचे पाय धरते. त्याने आईचं नाव वाचून दाखवलं."

कुठेतरी पाइपमधून पाणी गळत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मी म्हटलं, ती बोलू शकत नाही हो. त्याला बिचाऱ्याला वाटलं कामात असेल. म्हणाला, मोकळ्या झाल्या की त्यांना फोन करायला सांगा."

चष्मेवाल्यांनी मातीतून हात बाहेर काढला.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

ते खरंच होतं. साडेचारला बायको गेली आणि आपण सातला पोचलो, एवढंच त्यांना माहीत होतं. मधल्या तासांत लेकीने काय काय केलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटायची, दुसरं काय!

"जाऊ दे," ती म्हणाली. आवाज थोडा नरमला होता. "तुम्ही तरी काय करणार होता? इंजिनच बिघडल्यावर."

आता हे इंजिनाचं प्रकरण असं होतं. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात पावणेदहाने विचारलं होतं, अरे, इतका उशीर कसा, इंजिन बिघडलं की काय? चष्मेवाले त्यावर नुसते 'हं' म्हणाले होते. तेवढ्या एका 'हं'वर दीड वर्ष निघालं होतं. सगळे ते धरून चालले, आणि त्यांनी चालू दिलं. आताही पोरीने दार आपणहून उघडून धरलं होतं. मान हलवली की झालं. नाव मिळेल, सही मिळेल, आणि कदाचित महिन्याला एकाऐवजी दोन फोन येतील.

"इंजिन बिघडलं नव्हतं," चष्मेवाले म्हणाले.

काडी थांबली.

"वारा पडला होता. इंजिन चांगलं होतं, तेलही होतं. सुरू केलं असतं तर साडेअकरापर्यंत धक्क्याला लागलो असतो. मी केलं नाही. शिडावर गेलो तर शिडावरच परत यायचं, हा आपला माज. फोन डब्यात बंद करून ठेवला होता. पाय पसरून पडलो होतो मी होडीत." ते थांबले. पुढचं सांगायला नकोच होतं, पण आता अर्ध्यावर थांबणंही जमेना. "मजेत होतो गं मी. फार मजेत होतो त्या दिवशी."

मुलगी वळली. पलीकडे जाऊन तिने गळणारा नळ घट्ट बंद केला आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. खांदे हलत नव्हते, काही नाही. नुसती उभी होती. चष्मेवाल्यांना वाटलं, संपलं. आता आपण उठावं, कागद उचलावा आणि चालू लागावं. ते उठलेही. पण कागदावरची कुंडी उचलायला हात पुढे होईना.

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हात धुतलेले होते.

"पेन द्या."

तिने बाराव्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. मग तेराव्यातले चोवीस आडवी रेघ मारून खोडले आणि शेजारी एकचा आकडा काढला.

"एक?"

"एक. तुम्ही जा बाबा, मी अडवत नाही. पण मी एकच तास थांबेन. वर एक मिनिटही नाही."

"अगं, बेटांच्या वाटेवर अकरा अकरा दिवस फोन लागत नाही."

"ते तुम्ही बघा. आखायचं काम तुम्हाला चांगलं जमतं." तिने सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. "आणि जाताना हात धुवा. नखांत माती गेलीय."

हा राग होता की आणखी काही, हे चष्मेवाल्यांना बसमध्ये कळलं नाही आणि घरी आल्यावरही कळलं नाही.

घरी जेवायच्या टेबलाच्या काचेखाली नकाशा होता. नऊ वर्षं नवरा-बायको त्या नकाशावर जेवले होते. तिला होडीत मळमळायचं, तरी बेटांसाठी ती तयार होती. तीन बेटांशेजारी तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथे दोन दिवस', 'इथे फक्त पाणी भरायचं', आणि तिसऱ्याशेजारी 'इथे घाई करायची नाही'. चष्मेवाल्यांनी काच उचलून भिंतीला टेकवली आणि कर्कटक घेऊन बसले.

पहिले दोन दिवस त्यांनी बेटं वाचवायची खटपट केली. उपग्रहावरून बोलणारा फोन घेता आला असता. पण उघड्या समुद्रात आज संध्याकाळी किती वाजता कुठे असेन, हे कुठला शहाणा सांगू शकतो? तिथे सहा तास इकडेतिकडे म्हणजे वेळेवरच. एक तासात बेटं बसत नव्हती. त्यांनी तीनदा आखून पाहिलं, तीनदा नाही बसली. पोरीला फोन करून 'निदान सहा तास कर' म्हणावं, असं एकदा मनात आलं. त्यांनी फोन उचललाही. मग बंदरावरच्या माणसाशी ती काय बोलली होती ते आठवलं, आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खोडरबर घेतलं. किनारा सोडून बेटांकडे जाणारी आपली लांबलचक रेघ शेवटापर्यंत पुसली. बायकोच्या अक्षरांपाशी रबर थांबलं. ती त्यांनी राहू दिली.

"नाही जमत गं," ते मोठ्याने म्हणाले. "पोर थांबलीय."

आणि मग त्यांना रडू कोसळलं. बायको गेली तेव्हा इतके लोक होते, इतकं काय काय करायचं होतं, की असं रडायचं राहूनच गेलं होतं. नकाशा भिजेल म्हणून ते खुर्ची मागे सरकवून रडले.

नवी सफर आखली ती साधी होती. एकोणीस दिवस, एकोणीस लहान बंदरं, एकाकडून निघायचं ते दुसऱ्याला दिवसाउजेडी लागायचं. कुठेही फोन लागेल इतका किनारा जवळ. प्रत्येक बंदरापुढे पोचायची वेळ. उघडा समुद्र पाहिलेल्या माणसाला अशी सफर म्हणजे अंगणात फेऱ्या मारण्यासारखी. पावणेदहा म्हणालाच, "एवढ्यासाठी शिडं कशाला, बसने जा."

खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म वाचला. "बेटं गेली वाटतं."

"गेली."

"आणि तास फक्त एक? चोविसाचं एकदम एक?" त्यांनी बाराव्या रकान्यातलं नाव पाहिलं. "भारीच उतावीळ माणूस दिसतंय."

"नाही हो," चष्मेवाले म्हणाले. "फार वाट पाहिलेलं माणूस आहे."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

निघाले त्या दिवशी वारा चांगला होता. दुपारी दोनपर्यंत होडी अशी मजेत चालली होती की चष्मेवाल्यांनी एकदोनदा स्वतःशी गुणगुणूनही पाहिलं. दोननंतर वारा पडला. शीड लोंबायला लागलं. पूर्वी त्यांनी अशा वेळी टोपी डोळ्यांवर ओढली असती. त्यांनी शीड गुंडाळलं आणि इंजिन सुरू केलं. पण वळणापुढे प्रवाह उलटा लागला, आणि होडी जागच्या जागी घरघरत राहिली. पोचायची वेळ चारची होती. तीन वाजले, साडेतीन वाजले, चार झाले. घाम हातावरून सुकाणूच्या दांड्यावर गळत होता. समुद्र शांत होता, होडी धड होती, बुडायची भीती तर मुळीच नव्हती, आणि तरी आयुष्यात कधी घाबरले नव्हते इतके चष्मेवाले त्या पाऊण तासात घाबरले. एवढ्यात फोन करावा तर किनारा उंच कड्याचा, फोनला रेघ येईना. चार वाजून दहा. चार वाजून वीस. घड्याळाकडे बघत कुणी वाट पाहत बसणं म्हणजे काय, ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि तेही दुसऱ्या टोकाकडून.

बंदराच्या भिंतीला होडी लागली तेव्हा चारावर त्रेचाळीस मिनिटं झाली होती. होडीवाल्यांचा नियम असा, की आधी दोर बांधायचा, मग श्वास घ्यायचा. चष्मेवाल्यांनी एका हाताने भिंतीतली लोखंडी कडी पकडली आणि दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला.

पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तो उचलला गेला.

"पोचलो," ते म्हणाले.

पलीकडून एक लांब श्वास आला.

"त्रेचाळीस मिनिटं झाली, बाबा."

"वारा पडला. इंजिन लगेच लावलं होतं मी. लगेच लावलं. प्रवाह उलटा होता."

"हं."

लाटेसरशी होडी भिंतीवर आपटली, परत आपटली.

"ते काय वाजतंय?"

"होडी. भिंतीला लागतेय."

"बांधली नाहीत?"

"नाही अजून. म्हटलं, आधी तुला सांगावं."

ती बोलली तेव्हा आवाज ओला होता, आणि तो लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"आधी बांधून घ्या," ती म्हणाली. "मी आहे. मी थांबते."

चष्मेवाल्यांनी फोन चालूच ठेवून बाकावर ठेवला आणि दोर उचलला. तीस वर्षांच्या सवयीची गाठ, पण त्या दिवशी ती मारायला त्यांना बराच वेळ लागला.